हरणाला चालवणारे हात : ॲनिमेशन लघुपट आणि आपली तरुणाई

ऑक्टोबर महिना आपल्यासाठी धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा. १४ ऑक्टोबर आणि अशोक विजयादशमी झाली, दीक्षाभूमीवर गेलेली मंडळी गावी परतली, की महिन्याचे शेवटचे दिवस तसे शांत जातात. त्याच दिवसांत, २८ ऑक्टोबरला, जगभर आंतरराष्ट्रीय ॲनिमेशन दिन साजरा होतो. हा दिवस आपणही विहारात साजरा करावा, असे देवरूखातील आम्हा काही तरुण कार्यकर्त्यांचे मत आहे. त्यावर आम्हाला लगेच प्रश्न आला : कार्टूनचा आणि धम्माचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो बराच जुना आहे. तो समजावून सांगण्यासाठी हा लेख.

२८ ऑक्टोबर कशासाठी?

१८९२ साली याच तारखेला पॅरिसमध्ये एमिल रेनो यांनी हाताने रंगवलेली चित्रे पडद्यावर हलती करून प्रेक्षकांना दाखवली. ल्युमिएर बंधूंचा प्रसिद्ध पहिला खेळ झाला तो डिसेंबर १८९५ मध्ये. म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेला सिनेमा लोकांसमोर येण्याच्या तीन वर्षे आधी चित्रांचा सिनेमा लोकांनी पाहिला होता. या घटनेची आठवण म्हणून 'असिफा' या ॲनिमेशन कलावंतांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००२ पासून हा दिन सुरू केला. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनीही १९१५ च्या सुमारास आगकाड्या थोड्या थोड्या सरकवून त्यांची छायाचित्रे घेतली आणि त्या पडद्यावर नाचवल्या.

तंत्र साधे आहे. एका सेकंदात साधारण १२ वेगवेगळी चित्रे डोळ्यांसमोरून गेली, की आपल्याला ती सुटी दिसत नाहीत, हालचाल दिसते. एका मिनिटाला ७२० चित्रे लागतात आणि दहा मिनिटांच्या लघुपटाला ७,२००. पडद्यावर हरीण दोन उड्या मारते, तेव्हा त्यामागे कुणाच्या तरी हातांचे कित्येक दिवसांचे श्रम असतात. हा दिन त्या श्रमांचा आहे.

मुंबईच्या कार्टून विभागातील जातककथा

१९५६ हे वर्ष आपल्याला धम्मदीक्षेचे म्हणून ठाऊक आहे. त्याच वर्षी मुंबईत केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग उभा राहत होता. तेथील तरुण चित्रकारांना शिकवण्यासाठी अमेरिकेहून क्लेअर वीक्स आले. ते मिशनरी आईवडिलांच्या पोटी भारतातच जन्मलेले, आणि डिस्नेच्या 'बॅम्बी'सारख्या चित्रपटांवर काम केलेले कलावंत. त्यांच्या मार्गदर्शनाखाली या विभागाने केलेला सुरुवातीचा महत्त्वाचा लघुपट म्हणजे १९५७ च्या सुमाराचा 'द बनियन डीअर'. त्याची कथा आपली आहे : निग्रोधमिग जातक. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्येच प्रसिद्ध झाला. ज्या काळात लाखो लोक बुद्धाकडे वळत होते, त्याच काळात आधुनिक भारतीय ॲनिमेशन जातककथेचे बोट धरून चालायला शिकत होते.

ती कथा थोडक्यात अशी. वाराणसीच्या राजाला शिकारीचा नाद असतो. हरणांचे दोन कळप त्याच्या उद्यानात कोंडलेले असतात. एका कळपाचा प्रमुख निग्रोध, दुसऱ्याचा साख. रोजची पळापळ आणि जखमा टाळण्यासाठी दोन्ही कळप ठरवतात, की रोज पाळीपाळीने एका हरणाने मरणाला सामोरे जायचे. एके दिवशी साखाच्या कळपातील गाभण हरिणीवर पाळी येते. पाडस जन्मेपर्यंत थांबू द्या, अशी ती विनवणी करते. साख म्हणतो, तुझी पाळी दुसऱ्या कुणावर कशी टाकू? ती निग्रोधाकडे जाते. निग्रोध दुसऱ्या कुणालाही पाठवत नाही. तो स्वतः जाऊन मान ठेवतो. राजा थक्क होतो, दोघांनाही अभय देतो. निग्रोध विचारतो, बाकीच्यांचे काय? राजा कळपाला अभय देतो. निग्रोध पुन्हा विचारतो, आणि अभय वाढत जाते : सगळी हरणे, सगळे चतुष्पाद, पक्षी, मासे.

कार्यकर्त्यांनी या कथेवर जरूर चर्चा करावी. साख नियमाला धरूनच बोलतो. पण नियम मुळात कोणाच्या सोयीचा होता, हा प्रश्न त्याला पडत नाही. निग्रोध आधी स्वतः किंमत मोजायला तयार होतो आणि मग एकट्यापुरती सवलत घेऊन घरी जात नाही. नेतृत्व कशाला म्हणावे, हे सांगायला याहून सोपी गोष्ट आम्हाला सापडलेली नाही.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. जातककथा बोधिसत्त्वाच्या पूर्वजन्माच्या, मग आंबेडकरवादी बौद्धांनी त्या का सांगाव्यात? बाबासाहेबांनी आत्म्याचे संक्रमण नाकारले, हे आपण जाणतोच. आमचे उत्तर असे, की जातक इतिहास म्हणून सांगू नये, नीतिकथा म्हणून सांगावे. मुलांना हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकावे. ती हरणाची गोष्ट हरणाची म्हणूनच ऐकतात आणि त्यातून करुणा, त्याग, न्याय हे शब्द शिकतात.

चित्रे हलण्याआधीची हलती चित्रे

भारहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर रुरु जातकाचे एक शिल्प आहे. दगडातल्या एकाच वर्तुळात तेच हरीण पुन्हा पुन्हा कोरले आहे : नदीतून माणसाला वाचवताना, नंतर राजासमोर. कथा पुढे सरकते ती पाहणाऱ्याच्या नजरेबरोबर. अजिंठ्याच्या लेण्यांत छद्दन्त हत्ती, वेस्सन्तर, महाजनक यांच्या कथा अशाच भिंतीभर उलगडतात. त्या चित्रकारांनी एकेका पात्राला अनेकदा रंगवून काळ दाखवला. ॲनिमेशन करणारा आजही पात्र अनेकदाच रंगवतो, फक्त ती चित्रे तो एकामागोमाग एक दाखवतो.

कोकणातही अशी परंपरा आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर आदिवासी समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पिढ्यानपिढ्या जपला. एकेक चित्र पुढे करून गाणे म्हणत कथा सांगायची, दिव्याच्या उजेडात पडद्यावर सावल्या चालवायच्या. त्यांच्या कथा रामायण-महाभारताच्या, पण कला श्रमणाऱ्या, दुर्लक्षित माणसांची. याच परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

गोष्ट आठवते, नाव आठवत नाही

अजिंठ्याचे चित्रकार कोण होते, हे आपल्याला सांगता येत नाही. पण ज्यांची नावे नोंदलेली आहेत, ती तरी आपण किती जण सांगू शकतो? दूरदर्शनवर 'एक अनेक और एकता' पाहिला नाही, असा आपल्या आधीच्या पिढीतला माणूस विरळा. १९७४ चा हा लघुपट विजया मुळे यांनी दिग्दर्शित केला, ॲनिमेशनमध्ये भीमसेन यांचा मोठा वाटा होता, संगीत वसंत देसाई यांचे. त्यात पक्षी एकजुटीने जाळ्यासह उडतात. हीच कल्पना सम्मोदमान जातकातील लाव्यांच्या गोष्टीतही आहे. तिथे लावे एकत्र असेपर्यंत सुटतात आणि भांडू लागताच पकडले जातात. आपल्या संघटनांनी ही दुसरी बाजूही लक्षात ठेवावी.

राम मोहन १९५६ मध्ये त्या कार्टून विभागात दाखल झाले. पुढे युनिसेफसाठी त्यांनी घडवलेली 'मीना' ही शाळेत जाण्यासाठी भांडणारी मुलगी दक्षिण आशियात घराघरांत पोहोचली. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या गीतांजली राव यांनी 'प्रिंटेड रेनबो' हा एकाकी वृद्धेचा लघुपट बहुतांशी एकटीने हाताने रंगवला. २००६ मध्ये कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात त्याचा गौरव झाला.

आम्हाला सर्वात जवळचे वाटते ते नीना सबनानी यांचे काम. त्या आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात शिकवत. 'टाँको बोले छे' या लघुपटात कच्छच्या कारागीर स्त्रियांचे कापडकाम हलते आणि कहाणी ऐकू येते ती त्यांच्याच आवाजात. 'हम चित्र बनाते हैं' हा लघुपट भिल्ल चित्रकार शेरसिंग यांच्यासोबत केलेला. त्याला २०१६ चा सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. भिल्लांबद्दल कुणी बाहेरच्याने चित्र काढणे वेगळे आणि भिल्ल चित्रकाराने स्वतः काढलेले चित्र त्याच्या नावासह पडद्यावर येणे वेगळे. आपला मुद्दा हाच आहे.

जिथे कॅमेरा नव्हता

१९१५ मध्ये 'लुसिटानिया' हे प्रवासी जहाज बुडवले गेले, तेव्हा ते टिपायला कॅमेरा नव्हता. अमेरिकेच्या विन्सर मॅके यांनी सुमारे २५ हजार चित्रे काढून १९१८ मध्ये तो प्रसंग पडद्यावर उभा केला. कॅमेरा जिथे पोहोचला नाही, तिथे चित्रकाराचा हात पोहोचतो.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले, तेव्हाही काठावर सिनेमाचा कॅमेरा नव्हता. कोकणातल्या खेड्यापाड्यांतून माणसे भाकरी बांधून पायी महाडला गेली, परत येताना त्यांच्यावर हल्ले झाले, गावी गेल्यावर त्रास झाला. २० मार्च २०२७ रोजी या सत्याग्रहाला १०० वर्षे पूर्ण होतात. त्यात गेलेली पिढी आता नाही. त्यांच्या तोंडून ऐकलेले सांगणारे आजी-आजोबाही थकले आहेत. त्यांचा आवाज आज मोबाइलवर नोंदवला, तर उद्या त्यावर चित्रे काढता येतील. अत्याचाराबद्दल बोलणाऱ्या ज्या व्यक्तीला चेहरा दाखवायचा नसेल, तिची ओळख झाकूनही तिची साक्ष ॲनिमेशनमधून मांडता येते.

हे आपण केले नाही, तर ती जागा रिकामी राहणार नाही. जयंतीच्या दिवशी आपल्या ग्रुपवर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले व्हिडिओ येतात. त्यांत बाबासाहेब चालतात, बोलतात, कधी न उच्चारलेली वाक्ये उच्चारतात. बनवणाऱ्याचे नाव नसते, आधार नसतो, आणि आपण 'जय भीम' लिहून ते पुढे पाठवतो. आमचा यंत्राला विरोध नाही. पण वाक्य बाबासाहेबांचे आहे की नाही, हे राज्य शासनाने प्रसिद्ध केलेल्या 'लेखन आणि भाषणे' खंडांत पाहिल्याशिवाय त्यांच्या तोंडी घालू नये. महाडसाठी 'बहिष्कृत भारत'चे अंक आहेत, सत्याग्रहाचे एक संघटक रामचंद्र बाबाजी मोरे यांच्या आठवणी आहेत. आधी वाचन, मग चित्र. एहिपस्सिको हा आपला बाणा आहे. ये आणि तपासून पाहा, असे म्हणणाऱ्यांनी दाखवलेली गोष्ट तपासता येण्याजोगी हवी.

देवरूखात काय करता येईल?

गेल्या वर्षावासात एका रविवारी आम्ही मुलांना घेऊन प्रयत्न करून पाहिला. लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे हरीण कापले, पाय आणि मान दोऱ्याने जोडली. खुर्चीला मोबाइल बांधला, खाली पांढरा कागद. पाय किंचित सरकवायचा, हात बाहेर काढायचा, फोटो घ्यायचा. तीन तासांत ९६ फोटो झाले, म्हणजे आठ सेकंद. मध्येच पाऊस भरून आला आणि खिडकीतला उजेड गेला, त्यामुळे हरीण अर्ध्या वाटेत काळवंडले. तीन ठिकाणी कुणाचा तरी अंगठा दिसतो. तरीही ते चालले तेव्हा मुलांनी ते वीसेक वेळा पाहिले. सहावीतल्या एका मुलीने विचारले, "दादा, शेवटी आमची नावं येणार ना?" आम्ही ती घातली नव्हती. त्याच दिवशी घातली. आठ सेकंदांचे हरीण आणि सहा सेकंदांची नावे.

खर्च म्हणाल तर कागद आणि दोरा. पुढे जायचे असेल तर क्रिटा, ओपनटून्झ, ब्लेंडर हे संगणक प्रोग्रॅम फुकट मिळतात. लॅटव्हियासारख्या छोट्या देशातला 'फ्लो' हा चित्रपट ब्लेंडरवर झाला आणि २०२५ मध्ये ऑस्कर घेऊन गेला. आपल्या देवरूखात तर कलेचे शिक्षण देणारे महाविद्यालय आहे, लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालय आहे. वस्तीतली चित्रकलेत हुशार मुले जयंतीचे फलक रंगवतात आणि पुढे कामासाठी मुंबई गाठतात. त्यांना हा मार्ग दाखवणे आपले काम आहे.

येत्या २८ ऑक्टोबरसाठी आमची सूचना सोपी आहे. संध्याकाळी वंदनेनंतर विहाराच्या भिंतीवर दोन-तीन लघुपट दाखवा. प्रत्येकाआधी तो करणाऱ्याचे नाव मोठ्याने सांगा. नंतर निग्रोध आणि साख यांच्यावर मुलांना बोलू द्या. आणि त्याच रात्री प्रत्येक शाखेने ठरवावे, की मार्च २०२७ पर्यंत आपल्या गावातून महाडला कोण गेले, याची एक मिनिटाची गोष्ट आपण करू. ७२० चित्रे लागतील. वीस मुले असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ३६ येतात.

शेवटी सगळ्यांची नावे घालायला विसरू नका.

जय भीम, नमो बुद्धाय!