चार टेकड्या, आठ उड्या आणि एक सोनेरी गरुड : युरोपातली स्की जंपिंग स्पर्धा गोविंदांना काय सांगते?

भोईवाडा (परळ) : गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी भोईवाडा, लालबाग, दादर, गिरगाव या पट्ट्यात एकच गडबड असते. गोविंदा पथकाचा ट्रक एका नाक्यावर थांबतो, थर लागतात, सलामी होते आणि ट्रक पुढच्या नाक्याकडे निघतो. गावाकडून मुंबईला गेलेल्या अनेक घरांतली पोरं या ट्रकमध्ये असतात. म्हणूनच त्या दिवशी तालुक्यातल्या घराघरांतही जीव टांगणीला लागलेला असतो.

अशीच एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणारी, उंचीची आणि धोक्याची एक स्पर्धा युरोपात बर्फात होते. नाव आहे ‘फोर हिल्स टूर्नामेंट’, म्हणजे चार टेकड्यांची स्पर्धा. आपल्याकडे ना तेवढा बर्फ, ना तो खेळ. तरीही ती समजून घेण्यासारखी आहे.

स्पर्धा नेमकी असते कशी?

स्की जंपिंगमध्ये खेळाडू पायाला लांब पट्ट्या बांधून उंच उतारावरून घसरत येतो. टोकाला पोहोचेपर्यंत वेग ताशी ९० किलोमीटरच्या आसपास जातो. तिथून तो हवेत झेप घेतो आणि शंभर-सव्वाशे मीटर लांब, खालच्या उतारावर उतरतो. हातात दोर नाही, पाठीवर छत्री नाही.

चार टेकड्यांपैकी दोन जर्मनीत आहेत, दोन ऑस्ट्रियात. २९ डिसेंबरच्या सुमारास ओबर्स्टडॉर्फ, १ जानेवारीला गार्मिश-पार्टेनकिर्शेन, मग इन्सब्रुक आणि ६ जानेवारीला बिशोफ्सहोफेन. प्रत्येक ठिकाणी दोन फेऱ्या, म्हणजे एकूण आठ उड्या. आठही उड्यांचे गुण एकत्र करून ज्याचे सर्वात जास्त, त्याला सोनेरी गरुडाची ट्रॉफी मिळते.

इथे एखादी टेकडी जिंकून भागत नाही. १९९८-९९ मध्ये फिनलंडचा यान्ने आहोनेन चारपैकी एकही टेकडी न जिंकता एकूण गुणांवर विजेता ठरला. पुढे त्याने ही स्पर्धा एकूण पाच वेळा जिंकली. चारही टेकड्या एकाच वर्षी जिंकणं फार अवघड. २००१-०२ मध्ये जर्मनीच्या स्वेन हान्नावाल्डने ते पहिल्यांदा करून दाखवलं. नंतर २०१७-१८ मध्ये पोलंडचा कामिल स्टॉख आणि २०१८-१९ मध्ये जपानचा र्योयू कोबायाशी यांना ते जमलं.

गुण फक्त लांबीचे नाहीत

प्रत्येक टेकडीवर एक ठरलेली रेषा असते. समजा ती १२० मीटरवर आहे. तिथे उतरला की ६० गुण. त्यापुढे मोठ्या टेकडीवर दर मीटरला १.८ गुण वाढतात. १३० मीटर गेला तर १८ गुण जास्त, म्हणजे ७८.

शिवाय पाच परीक्षक असतात. प्रत्येकाच्या हातात २० गुण. सर्वात जास्त आणि सर्वात कमी गुण बाजूला काढून उरलेल्या तिघांचे धरतात. ते पाहतात उडी किती स्थिर होती आणि उतरणं कसं होतं. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकवून नीट उतरला तर गुण चांगले. लांब गेला पण तोल गेला, तर गुण कापले जातात.

आपल्या सलामीचंही तसंच आहे. थर लावणं ही अर्धी गोष्ट. एक्का वर चढून हात उंचावतो, त्यानंतर सगळे थर न कोसळता खाली उतरले पाहिजेत. जाणती पथकं ‘उतरवणं’ वेगळं शिकवतात.

टेकडीवर मृत्यू

ही स्पर्धा १९५३ च्या जानेवारीत सुरू झाली. बिशोफ्सहोफेनच्या टेकडीवर सरावात ऑस्ट्रियाचा पाउल आउसरलाइटनर पडला आणि काही दिवसांत त्याचं निधन झालं. आज त्या टेकडीला त्याचंच नाव आहे.

पुढच्या काळात नियम वाढत गेले. प्रत्येक टेकडीला सुरक्षित लांबीची मर्यादा ठरलेली असते. खेळाडू त्या मर्यादेच्या फार जवळ जायला लागले की पंच सुरुवातीची जागाच खाली आणतात. वेग कमी होतो, उडी आखूड होते. त्याचा हिशेब गुणांत धरला जातो. वाऱ्याचाही धरतात. २०२२ मध्ये इन्सब्रुकला वारा थांबेना, तेव्हा तिथली स्पर्धा रद्द करून बिशोफ्सहोफेनला घेतली.

हलका माणूस लांब उडतो म्हणून खेळाडू उपाशी राहू लागले होते. त्यावर २००४ मध्ये नियम आला : उंचीच्या मानाने वजन फार कमी असेल, तर पट्ट्या आखूड वापरायच्या. उपाशी राहून मिळणारा फायदाच कमी केला. फसवणूक मात्र पूर्ण थांबलेली नाही. २०२५ च्या जागतिक स्पर्धेत नॉर्वेच्या संघाचं पोशाखात फेरफार केल्याचं प्रकरण गाजलंच.

आणि आपली हंडी?

२०१२ मध्ये ठाण्यात जय जवान पथकाने नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा विश्वविक्रम केला. २०२५ मध्ये ठाण्यातच दहा थर लागले. दुसरीकडे २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उंची २० फुटांपर्यंत आणि वय १८ च्या वर, अशी मर्यादा घातली होती. २०१७ मध्ये उंचीची अट राहिली नाही आणि वयाची अट १४ वर आली. २०२२ मध्ये राज्य सरकारने साहसी खेळाचा दर्जा आणि विमा जाहीर केला. २०२३ पासून वरळीच्या डोममध्ये प्रो गोविंदा स्पर्धाही होते.

म्हणजे नियम आपल्याकडेही येत आहेत. फरक एका ठिकाणी आहे. तिकडे उडी धोक्याच्या रेषेजवळ गेली की पंच वेग कमी करतात. आपल्याकडे थर वाढला की बक्षिसाची रक्कम वाढते. पाऊस पडून रस्ता निसरडा झाला, संध्याकाळपर्यंत पोरं दमली, तरी ‘आता थांबा’ म्हणणारा पंच बहुतेक नाक्यांवर नसतो. ते काम पथकाच्या प्रशिक्षकावरच येऊन पडतं.

गुरुपौर्णिमेला सरावाचा नारळ फुटतो. घरातला मुलगा पथकात असेल, तर तेव्हाच चार गोष्टी विचारून घ्याव्यात. विमा काढला का? वरच्या थराला दोर आणि हेल्मेट आहे का? खाली गादी असते का? आणि थांबायचं कोण ठरवणार? हंडी फुटेलच, पोरगं धडधाकट घरी आलं पाहिजे.