धसका आणि शुगर

‘मुलगा गेल्याचा धसका घेतला आणि तिला शुगर झाली,’ हे वाक्य आपल्याकडे बहुतेक घरांत कधी ना कधी उच्चारले गेलेले असते. डॉक्टर ते ऐकतात, मान डोलावतात आणि गोळी लिहून देतात. मेक्सिकोच्या लोकांतही नेमकी हीच समजूत आहे. या धसक्याला ते ‘सुस्तो’ म्हणतात आणि मनात दाबून ठेवलेल्या संतापाला ‘कोराहे’. अमेरिकेत जाऊन राहिलेल्या मेक्सिकन बायकाही आपल्या मधुमेहाचे खापर पुष्कळदा या दोघांवर फोडतात. शिकागोतल्या एका संशोधक विद्यार्थिनीने हे बोलणे अडाणीपणाच्या खात्यात न टाकता नीट ऐकून घेतले. त्याची ही हकीकत.

एमिली मेंडेनहॉल तेव्हा नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात मानववंशशास्त्रात डॉक्टरेट करत होत्या. शिकागोत कुक काउंटीचे मोठे सार्वजनिक रुग्णालय आहे. ज्यांच्याकडे विमा नाही, पैसा नाही, अशांचे ते हक्काचे ठिकाण. तिथे उपचार घेणाऱ्या मेक्सिकन वंशाच्या १२१ मधुमेही स्त्रियांना त्यांनी आपापली जीवनकहाणी सांगायला लावली. आजार सगळ्यांना मधुमेहाचा, पण बोलणे अधिक निघाले ते घरातल्या दुःखाचे. मारहाण, लहानपणीचे अत्याचार, सीमेपलीकडे राहिलेली माणसे, एकटेपणा, आणि या सगळ्यावर दाट साय धरावी तसे नैराश्य. २०१२ साली त्यांचे ‘सिंडेमिक सफरिंग’ हे पुस्तक निघाले.

मी आयुष्याची उमेदीची वर्षे बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात घालवली. अर्जात ‘कर्जाचे कारण’ असा एक रकाना असे. तिथे लिहिलेले असायचे ‘विहीर दुरुस्ती’. चहा आला, पंखा जरा वाढवला, की पंधरा मिनिटांनी कळायचे, मुलीचे लग्न ठरले आहे. अर्ज खोटा नसायचा, विहीरही खचलेलीच असायची. पण माणूस रकान्यात मावत नसे. रुग्णालयाच्या केसपेपरचे तेच आहे. वजन, रक्तदाब, साखर यांना तिथे जागा आहे. नवरा काय करतो आणि आईच्या अंत्यविधीला का जाता आले नाही, यांना नाही. कागदपत्रांवाचून राहणारी बाई एकदा देश सोडून गेली, तर परत येईलच याचा भरवसा नसतो. म्हणून ती जातच नाही.

‘सिंडेमिक’ हा शब्द मेरिल सिंगर या मानववंशशास्त्रज्ञाने १९९०च्या दशकात रूढ केला. कनेक्टिकटमधल्या हार्टफर्ड शहरातल्या पोर्टो रिकन वस्त्यांत ते काम करत होते. हे लोक मूळचे तिथल्या खोऱ्यातल्या तंबाखूच्या मळ्यांवर मजुरीला आलेले. पुढे शहरातले कारखाने बंद पडत गेले आणि गरिबी साचली. व्यसन, हिंसा आणि एड्स हे तीन वेगवेगळे प्रश्न म्हणून तीन खात्यांकडे होते. सिंगर यांचे म्हणणे असे, की ते तीन नाहीतच. एकमेकांना पोसत वाढणारी ती एकच साथ आहे.

बँकेच्या भाषेत सांगायचे, तर इथे बेरीज नाही, चक्रवाढ आहे. मन खचलेले माणूस गोळ्या वेळेवर घेत नाही, चालायला जात नाही, झोपत नाही. सततच्या ताणाने शरीरात कॉर्टिसोल वाढते आणि तेही साखर चढवते. साखर चढली की डोळे, पाय, मूत्रपिंडे यांची काळजी आणि पुन्हा मन खाली. त्यात घरात मार खाणाऱ्या बाईला पथ्याचे वेगळे ताट कोण वाढणार? ‘धसका’ हा शब्द वैद्यकशास्त्राला तितकासा परका नाही, एवढे तरी यातून दिसते.

अर्थात, १२१ कहाण्यांवरून कोणते कारण कोणत्या रोगाच्या आधी आले हे सिद्ध होत नाही. आणि मला दुसरीच एक धास्ती वाटते. अशा संशोधनातून ‘ते लोकच तसले’ असे म्हणायला बाहेरच्यांना आयते निमित्त मिळते. मेक्सिकन म्हणजे मारझोड, पोर्टो रिकन म्हणजे व्यसन. विद्यार्थिनीला पदवी मिळते, वस्तीला शिक्का. कहाणी सांगणाऱ्या बाईच्या हाती काय पडले, हा प्रश्न अशा प्रत्येक प्रबंधाला विचारायला हवा.

त्याचे थोडे उत्तर आपल्याच देशातून आले आहे. आपल्याकडेही हे जोडपे ओळखीचेच. लेस्ली जो वीव्हर यांनी दिल्लीतल्या मधुमेही स्त्रियांवर २०१८ साली लिहिलेल्या पुस्तकाचे नावच ‘शुगर अँड टेन्शन’ आहे. भारतातल्या चार दवाखान्यांत मधुमेह आणि नैराश्य दोन्ही असलेल्या ४०४ रुग्णांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांसाठी, डॉक्टर नसलेला पण शिकवून तयार केलेला एक समन्वयक नेमला होता. रुग्णाच्या मनाची आणि साखरेची दोन्हींची विचारपूस त्याने करायची, आणि तज्ज्ञांनी त्यावरून औषधे बदलायची. दोन वर्षांनी पाहिले, तेव्हा नैराश्य निम्म्याने तरी उतरले आणि जोडीला साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी एक तरी सुधारले, असे रुग्ण या गटात सुमारे ७२ टक्के होते. नेहमीच्या उपचारांच्या गटात सुमारे ५७.