रागाला श्रेय किती द्यायचं?

गेल्या भागातला, बल्गेरियाचा फुटबॉलपटू स्टोइचकोव्ह याने रेफरीच्या पायावर बूट ठेवल्याचा प्रसंग वाचून एका वाचकाने विचारलं आहे की, हा राग नसता तर स्टोइचकोव्ह एवढा मोठा झाला असता का? या प्रश्नाला अख्खा भाग द्यायला हवा, कारण ह्रिस्टो स्टोइचकोव्हवर लिहिणारे बहुतेक जण त्याच्या संतापालाच त्याच्या खेळाचं मूळ मानतात. मला ते पटत नाही. राग होता आणि तो भरपूर होता. पण गोल रागाने केले नाहीत.

पहिला पुरावा म्हणून नेहमी १९८५ चा बल्गेरियन कप फायनल पुढे केला जातो. सीएसके आणि लेव्हस्की या सोफियाच्या दोन संघांत मैदानावर हाणामारी झाली, सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीने दोन्ही क्लब बरखास्त करून नव्या नावांनी उभे केले आणि १९ वर्षांच्या स्टोइचकोव्हवर आजन्म बंदी आली. ती पुढे उठली. पण तीच आजन्म बंदी लेव्हस्कीचा गोलकीपर बोरिस्लाव मिहायलोव्ह यालाही झाली होती, आणि १९९४ च्या वर्ल्ड कपमध्ये बल्गेरियाचा कप्तान तोच होता. त्याच्या गोलकीपिंगचं श्रेय त्या मारामारीला कुणी देत नाही. मग स्टोइचकोव्हच्याच बाबतीत का द्यायचं?

यावर खरा वजनदार आक्षेप आहे तो बार्सिलोनाचे तेव्हाचे प्रशिक्षक क्रॉइफ यांच्या निवडीचा. आपल्या गुणी पण सभ्य बार्सिलोनात थोडी खुन्नस यावी म्हणून त्यांनी मुद्दाम हा माणूस आणला, असं सांगितलं जातं, आणि ते खरंही असेल. पण त्यांच्या डोळ्यांत तो भरला कशाने? १९८९ च्या कप विनर्स कपच्या सेमीफायनलमध्ये त्याच्या संघाने बार्सिलोनाविरुद्ध दोन सामन्यांत मिळून तीन गोल केले आणि तिन्ही त्याचेच होते. पुढच्या हंगामात लीगमध्ये ३८ गोल करून त्याने ह्यूगो सांचेझबरोबर युरोपचा गोल्डन बूट वाटून घेतला. खुन्नस हवी असेल, पण पैसे मोजले ते या गोलांसाठी. रागाने मात्र पहिल्याच हंगामात, डिसेंबर १९९० मध्ये, बार्सिलोनाला काय दिलं, तर रेफरीच्या पायावर बूट ठेवल्याबद्दल बंदी येऊन काही आठवडे मैदानाबाहेर बसलेला फॉरवर्ड.

आता १९९४ चा वर्ल्ड कप. त्यातले त्याचे सहा गोल एकेक करून पाहा. तीन पेनल्टी, एक फ्री किक. म्हणजे सहांतले चार गोल चेंडू थांबलेला असताना झालेले. पेनल्टी सोपी असते, असं कुणी म्हणेल. पण ग्रीसविरुद्धची पहिली पेनल्टी आठवा. त्याआधीच्या पाच वर्ल्ड कपमध्ये बल्गेरियाने एकही सामना जिंकलेला नव्हता, शिवाय नायजेरियाकडून नुकताच ३-० असा पराभव झालेला, आणि पाचव्या मिनिटाला चेंडू त्याच्यासमोर ठेवलेला. जर्मनीविरुद्ध संघ ०-१ ने मागे, पंधराच मिनिटं उरलेली, समोर गतविजेत्यांची भिंत. त्याने डाव्या पायाने चेंडू भिंतीवरून असा वळवला की गोलकीपर इल्गनर जागचा हलला नाही. या किकमध्ये ताकद फार नाही, माप आहे. संतापलेला पाय असं माप घेऊ शकत नाही. तो चेंडू प्रेक्षकांत मारतो. तीन मिनिटांनी त्याचा सहकारी लेचकोव्ह याने हेडर मारून सामना जिंकून दिला.

आणखी एक गोष्ट. राग हेच कारण असतं, तर राग तोच असताना गोलही तेवढेच व्हायला हवे होते. १९९५ मध्ये क्रॉइफ यांच्याशी बिनसल्यावर तो पार्माला गेला. स्वभावात काडीचा फरक नव्हता, तरी लीगमध्ये गोल झाले फक्त पाच. तोच हंगाम संपल्यावर युरो ९६ मध्ये बल्गेरियाचे तिन्ही गोल त्याने केले. स्पेनविरुद्ध पेनल्टी, रुमानियाविरुद्ध चालत्या खेळात एक, आणि फ्रान्सविरुद्ध पुन्हा फ्री किक.