डबा ५५ हजारांचा, खेळ सव्वा लाखाचा : व्हिडिओ गेम इतका महाग का झाला?

वाडी (नागपूर) : दिवाळी जवळ आली किंवा बारावीचा निकाल लागला की अनेक घरांत एकच मागणी सुरू होते. पोराला पीएस फाईव्ह पाहिजे. अमरावती रोडवरची वाडी हे ट्रान्सपोर्ट आणि गोदामांचं गाव. इथे कोणी गाडीवर आहे, कोणी गोदामात, कोणाची लाव्हा-वडधामन्याकडे शेती आहे. बाप किंमत ऐकतो आणि ठरलेलं उत्तर देतो, "थांब एखादं वर्ष, जुना झाला की स्वस्त होईल."

टीव्ही आणि मोबाईलच्या बाबतीत हे उत्तर बरोबर ठरत आलं. व्हिडिओ गेमच्या बाबतीत मात्र ते आता चुकतंय. कसं चुकतंय आणि पैसा नेमका कुठे जातो, हे समजून घेतलं तर घरातली भांडणंही कमी होतील.

जुनं झालं की स्वस्त, हा नियम मोडला

गेमच्या यंत्राला कंपन्या कन्सोल म्हणतात. पूर्वी नवा कन्सोल महाग यायचा आणि वर्षं सरली की उतरायचा. सोनी कंपनीचा प्लेस्टेशन टू अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आला. २००९ मध्ये तोच ९९ डॉलरला मिळू लागला. म्हणजे थांबणाऱ्याचा फायदाच झाला.

प्लेस्टेशन फाईव्ह भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला विक्रीला आला. सीडी चालणारा डबा ४९,९९० रुपयांना आणि बिनसीडीचा, म्हणजे डिजिटल, ३९,९९० रुपयांना. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, दोन्हींचे भाव पाच-पाच हजारांनी वाढले आणि ५४,९९० व ४४,९९० झाले. २०२४ मध्ये बारीक आकाराचा नवा डबा आला, तोही याच भावात. पावणेदोन वर्षं थांबलेल्या माणसाला सूट मिळाली नाही, उलट पाच हजार जास्त मोजावे लागले.

हे फक्त आपल्याकडेच झालं असंही नाही. अमेरिकेत प्लेस्टेशन फाईव्ह ऑगस्ट २०२५ मध्ये ५० डॉलरनी महागला. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स २०२० मध्ये ४९९ डॉलरला आला होता. २०२५ मध्ये त्याचा भाव दोनदा वाढला आणि साडेसहाशेवर गेला. पाच वर्षं जुनी वस्तू नवी असतानापेक्षा महाग, असं या धंद्यात आधी होत नव्हतं.

भाव वाढतो कुठून?

पहिलं कारण डॉलर. हे डबे बाहेरून येतात आणि त्यांचा हिशेब डॉलरमध्ये होतो. २०२१ च्या सुरुवातीला एक डॉलर ७३ रुपयांच्या आसपास होता, डिसेंबर २०२५ मध्ये तो नव्वदच्या वर गेला. कंपनीने डॉलरमधला भाव तसाच ठेवला तरी रुपयात तो वाढतोच.

दुसरं कारण कर. २०१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात व्हिडिओ गेम कन्सोलवरचं आयात शुल्क १० वरून २० टक्के झालं. त्या शुल्कावर दहा टक्के अधिभार आणि वरून १८ टक्के जीएसटी. म्हणजे बंदरावर १०० रुपयांचा माल उतरला तर शुल्कासह १२२ आणि जीएसटी धरून १४४ रुपये होतात. दुकानदाराचा नफा आणि गाडीभाडं त्यानंतर. जीएसटी आधी २८ टक्के होता. १ जानेवारी २०१९ पासून तो १८ वर आला, नाहीतर भाव आणखी वर दिसला असता.

तिसरं कारण चिप. गेमच्या डब्यात, कॉम्प्युटरमध्ये आणि मोबाईलमध्ये मेमरी चिप लागते. जगात ती मोठ्या प्रमाणावर बनवणाऱ्या कंपन्या मुख्यतः तीनच : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयसाठी जगभर मोठमोठी डेटा सेंटर उभी राहताहेत आणि या कंपन्यांचा माल तिकडे वळलाय. कापसाचा सगळा माल एकाच मोठ्या व्यापाऱ्याने उचलला की गावच्या जिनिंगला जे होतं, तेच इथे झालं. २०२५ च्या शेवटी कॉम्प्युटरच्या रॅमचे भाव काही महिन्यांत दुप्पट-तिप्पट झाले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशल' या नावाने किरकोळ ग्राहकाला रॅम विकण्याचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. बर्डीच्या दुकानातून सुटे भाग आणून गेमिंग पीसी जोडणाऱ्या पोट्ट्यांना याचाच फटका बसतोय.

सोयाबीनमध्ये मोजलं तर?

महागाई नुसत्या रुपयात मोजली तर चित्र अर्धवट दिसतं. प्लेस्टेशन फोर २०१४ मध्ये भारतात ३९,९९० रुपयांना आला, तेव्हा सोयाबीनचा हमीभाव २,५६० रुपये क्विंटल होता. म्हणजे डबा साडेपंधरा क्विंटलचा. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये. त्या हिशेबाने ५४,९९० चा डबा सव्वादहा क्विंटलमध्ये येतो. कागदावर खेळ स्वस्त झाला!

पण शेतकरी कागदावर विकत नाही. २०२१ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात विदर्भातल्या बाजारांत सोयाबीनने दहा हजारांचा टप्पा गाठला होता. तेव्हा ज्याच्या घरात माल होता त्याला ४९,९९० चा डबा पाच क्विंटलमध्ये पडला असता. २०२५ च्या हंगामात बाजारात भाव चार हजारांच्या आसपास घुटमळत होता. आता तोच डबा पावणेचौदा क्विंटलचा. डब्याची किंमत दहा टक्क्यांनी वाढली, पण शेतकऱ्याच्या घरातून जाणारा माल अडीच पटीहून जास्त झाला. एकाच दुकानातली एकच वस्तू पगारदाराला थोडी महाग आणि शेतकऱ्याला फार महाग का वाटते, त्याचं उत्तर इथे आहे.

डबा ही फक्त सुरुवात

घरात चर्चा होते ती डब्याच्या किमतीची. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. सोनीचे मोठे नवे गेम ४,९९९ रुपयांना येतात. इंटरनेटवर दुसऱ्यांशी खेळायचं तर बहुतेक विकतच्या गेमसाठी प्लेस्टेशन प्लस ही वर्गणी लागते. तिचा सर्वांत साधा वार्षिक प्लॅन २०२३ मध्ये २,९९९ वरून ३,९४९ रुपयांवर गेला.

आता पाच वर्षांचा हिशेब करू. डबा ५४,९९०. वर्षाला दोनच नवे गेम धरले तरी दहा गेमचे ४९,९९०. पाच वर्षांची वर्गणी १९,७४५. एकूण १,२४,७२५ रुपये. डब्याचा वाटा निम्म्याहूनही कमी. शिवाय वर्गणीचा भाव पाच वर्षं तसाच राहील याची हमी कोणी देत नाही.

फुकटच्या गेमची गोष्ट वेगळी

गावाकडची बहुतेक मुलं डब्यावर नाही, मोबाईलवर खेळतात. पबजी मोबाईलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला. गेम फुकट, पण त्यातले कपडे, बंदुकीचे रंग आणि पेट्या विकतच्या. पन्नास-शंभर रुपये जाताना कळत नाहीत. महिन्याला तीनशे गेले तरी वर्षाचे ३,६०० होतात आणि खेळ बदलला की त्यातलं काहीच हाताला लागत नाही.

एक फरक लक्षात ठेवावा. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली. बीजीएमआयसारखे खेळ त्यात येत नाहीत. त्यामुळे तिथला खर्च कायदा अडवणार नाही, तो घरच्यांनाच पाहावा लागेल.

घ्यायचंच असेल तर

सीडीचा डबा महाग दिसतो. पण सीडी खेळून झाली की विकता येते, मित्राशी बदलता येते, जुनी घेताही येते. डिजिटल गेम एकदा घेतला की विकता येत नाही. वर्षाला दोन-तीन जुन्या सीडी घेतल्या तरी हा फरक लवकर वसूल होतो.

नवा गेम पहिल्याच दिवशी घेऊ नये. डब्याचा भाव उतरत नसला तरी गेमचा उतरतो, काही महिन्यांत सवलत लागते. थांबण्याचा फायदा आता तिथेच उरलाय. सणाच्या दिवसांत डब्यावरही काही हजारांची सूट लागते, तेवढी पाहून घ्यावी.

मोबाईलवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सेटिंग करून ठेवावी. वर्गणी दरमहा आपोआप कापली जात असेल तर यूपीआय ॲपमधल्या 'ऑटोपे'त जाऊन ती बंद करता येते. पैसे कापण्याच्या २४ तास आधी मेसेज येतो, तो वाचायची सवय लावावी.

आणि शेवटचा हिशेब. तासावर पैसे घेऊन खेळू देणारं दुकान जवळ असेल आणि तासाला शंभर रुपये धरले, तर ५४,९९० रुपयांत जवळपास साडेपाचशे तास खेळता येतं. आठवड्याला दोन तास धरले तर पाच वर्षांहून जास्त. त्यात गेमही त्यांचा आणि वर्गणीही त्यांची. रोज खेळणाऱ्या दोन-तीन भावंडांच्या घरात डबा परवडू शकतो. रविवारी दोन तास खेळणाऱ्या एकट्या पोरासाठी तो परवडत नाही. म्हणून "डबा केवढ्याला?" हे विचारायच्या आधी "आठवड्याला किती तास खेळणार?" हे पोराला विचारावं.