लडाखचे डोंगर टिपताना

लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर. हवा विरळ आणि कोरडी, वर्षाचा पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर. धूळ-बाष्प कमी असल्याने वीस-पंचवीस किलोमीटरवरचा डोंगरही हाकेच्या अंतरावर भासतो. फोटोत मग खोली हरवते. म्हणून चौकटीत एखादा चोर्तेन (बौद्ध स्तूप), याक किंवा वळणाचा रस्ता जरूर घ्यावा. डोंगर केवढा, हे त्याशिवाय कळतच नाही.

दुपारचं ऊन इथल्या उघड्या डोंगरांना सपाट करून टाकतं. सकाळी आणि संध्याकाळी तिरप्या उन्हात मात्र प्रत्येक घडी सावली धरते, गेरू, जांभळा, हिरवट असे खडकांचे रंग वेगळे दिसू लागतात. लामायुरू गावाजवळची पिवळसर माती, म्हणजे प्राचीन सरोवराचा गाळ, अशा उन्हातच पाहावी. त्यासाठी तिथे मुक्काम करावा; धावत्या गाडीतून ती हाती लागत नाही.

पोलरायझर फिल्टर जपून वापरा. या उंचीवर आकाश मुळातच गडद निळं असतं. वाइड लेन्सवर तो पूर्ण फिरवला, तर आकाशाचा एक भाग काळपट आणि दुसरा फिका येतो. बर्फ किंवा हुंदर गावाजवळची वाळू चौकटीत जास्त असेल, तर कॅमेरा फोटो काळवंडवतो. एक्स्पोजर थोडं वाढवा. वारा सुटल्यावर वाळूत लेन्स बदलू नका. थंडीत बॅटरी लवकर उतरते, जादा बॅटरी आतल्या खिशात असू द्या.

लष्करी तळ आणि पूल टिपू नयेत.