चाळीस टक्क्यांचा उंबरठा

मंडणगडपासून राजापूरपर्यंत, रत्नागिरी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांत, अपंगत्वाच्या दाखल्यावरचा आकडा कितीतरी घरांचे भवितव्य ठरवतो. ४० टक्के असतील तर संजय गांधी निराधार योजनेचे आणि नोकरीतल्या आरक्षणाचे दार उघडते. ३९ असतील तर मिटते. केंद्राच्या अपंग निवृत्तिवेतनाला तर ८० लागतात. हा आकडा चुकीचा लिहिला गेला तर भांडायचे कोणी?

अमेरिकेत अपंगांचे भत्ते मिळवून देणे ही वकिलीची स्वतंत्र शाखा आहे. दावा जिंकला तर थकबाकीतून ठरावीक मर्यादेत वकिलाची फी कापली जाते. आपल्याकडे अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणारे वकील गावोगाव आहेत, कारण तिथे रक्कम मोठी असते. निराधार योजनेच्या दरमहा २,५०० रुपयांच्या अनुदानातून मात्र कोणाची फी निघणार?

म्हणून संतोषकुमार रुंगटा यांची वकिली मला मोलाची वाटते. ते स्वतः दृष्टिहीन आणि नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडचे नेते. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या युक्तिवादानंतर अंध उमेदवारांना नागरी सेवा परीक्षा ब्रेलमध्ये किंवा लेखनिक घेऊन देण्याची मुभा मिळाली. पुढची लढाई अधिक किचकट होती. अपंगांसाठीच्या १९९५ च्या कायद्याने नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण दिले होते, पण सरकार ते फक्त अपंगांसाठी योग्य ठरवलेल्या पदांवर मोजत होते. मूळ संख्याच आटवली की टक्के आपोआप आटतात. ८ ऑक्टोबर २०१३ रोजी न्यायालयाने ही मोजणी मोडीत काढली आणि आरक्षण संवर्गातल्या एकूण रिक्त पदांवर मोजायला सांगितले. २०१६ च्या कायद्यात आरक्षण ४ टक्के झाले, आणि ते एकूण रिक्त पदांवर मोजायचे हे कलम ३४ मध्येच लिहिले गेले. संवर्गाच्या हिशोबासारखी रूक्ष गोष्ट चिकाटीने लावून धरणे, हीच या वकिलीची खरी ताकद.

दिल्लीतला हा विजय रत्नागिरीच्या तहसील कचेरीपर्यंत आपोआप पोचत नाही. तरी साधने हाताशी आहेत. दाखल्यावरचा निर्णय मान्य नसेल तर २०१६ च्या कायद्याचे कलम ५९ अपिलाचा हक्क देते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अपंग व्यक्तीला वकील मोफत मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे किती अर्जदारांना कोणी सांगते? नाकारलेला अर्ज घेऊन माणूस घरी परततो आणि तो नशिबाचा भाग समजतो, याचा मला संताप येतो. सरकारी मेहरबानी मागायला वकील लागत नाही, हक्क मागायला लागतो. आपण अजून पहिल्याच समजुतीत अडकलो आहोत.

अपिलातही दाद मिळाली नाही तर रिट याचिका उरते. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरीच्या अशा याचिका मुंबईऐवजी उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचपुढे चालतात. आंबा घाट चढून जायची वेळ मात्र फार थोड्यांवर यावी. त्यासाठी अपंगत्व तपासणीच्या प्रत्येक शिबिरात डॉक्टरांच्या शेजारच्या टेबलावर विधी सेवेचा एक वकील बसवावा, आणि नकाराच्या कागदावर अपील कुठे व किती दिवसांत करायचे ते मराठीत छापावे.