धुराच्या वाटेतले दाणे

पुणं विद्येचं आणि पेन्शनरांचं म्हणतात ते ठीक, पण ते डिझेल इंजिनांचंही गाव आहे. खडकीला १९४६ पासून किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, कोथरूडला १९६२ पासून कमिन्स, पिंपरीला टाटा मोटर्स. आणि इंजिनांचा धूर मोजून दाखला देणारी, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था वेताळ टेकडीवर. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे धुराचं मानक लागू झालं आणि डिझेल मोटारीची किलोमीटरमागची कणांची मुभा २५ मिलिग्रॅमवरून साडेचारवर आली. वर कणांची मोजदादही आली: किलोमीटरमागे जास्तीत जास्त साठ हजार कोटी! आकडा ऐकून हसू येतं, पण तो पाळायला इंजिन सुधारून भागेना. धुराच्या वाटेत गाळणी बसवावी लागली. तीच डीपीएफ, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर.

अनेक मोटारींत ही गाळणी सिलिकॉन कार्बाइडची असते. भोसरीच्या वर्कशॉपला हा माल जुना ओळखीचा: टूलला धार लावायचा हिरवा व्हील, पॉलिशचा काळा वॉटर पेपर. अमेरिकेत १८९१ साली एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी तो विजेच्या भट्टीत बनवला. पॉलिशवाला दुकानात साठचा, दोनशेवीसचा, हजारचा कागद मागतो तेव्हा तो दाण्याचा आकारच मागत असतो. साठ नंबरचा दाणा पाव मिलिमीटरच्या आसपास, हजारचा अठरा मायक्रॉन.

गाळणीतही सगळा खेळ दाण्याचाच. तिच्यात हजारो अरुंद नळ्या शेजारी-शेजारी असतात आणि त्यांची तोंडं आलटूनपालटून बुजवलेली असतात. धुराला भिंतीतूनच पार व्हावं लागतं. भिंतीतली भोकं दहा-वीस मायक्रॉनची, काजळीचा कण मात्र मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याएवढा. मग अडतो कसा? ही चाळणी नव्हेच. इतका हलका कण वायूच्या रेणूंचे धक्के खात भरकटतो, भिंतीला लागतो आणि चिकटतो. थर साचला की तो थरच पुढची काजळी धरतो.

भोक केवढं, हे दाणा ठरवतो. एकसारखे दाणे रचले तर मधली पोकळी साधारण दाण्याच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत भरते. दाणा निम्मा केला तर पोकळीचं एकूण प्रमाण तेच राहतं, पण वायू जाऊ देण्याची क्षमता चौथाईवर येते, कारण ती आकाराच्या वर्गाने बदलते. बॅक प्रेशर वाढतं, इंजिन गुदमरतं, मायलेज घसरतं. दाणा फार मोठा घेतला तर काजळी सुटते, शिवाय दाण्यांचे सांधे कमी होऊन भिंत ठिसूळ होते.

जाड आणि बारीक दाणे मिसळावेत, तर लिंबांच्या टोपलीत मोहरी ओतल्यासारखं होतं, पोकळीच बुजते. तरीही मिसळतात, आणि मला या विद्येतला सगळ्यात देखणा भाग हाच वाटतो. सिलिकॉन कार्बाइड सहजासहजी सांधलं जात नाही. पण आर्गॉनमध्ये २२०० अंशांच्या वर तापवलं की बारीक दाण्यांची वाफ आधी होते आणि ती जाड दाण्यांच्या सांध्यांवर जाऊन जमते. बारीक संपतात, जाड जोडले जातात, वस्तू आकसत नाही आणि बुजलेली पोकळी मोकळी होते. हवेत, कमी तापमानात भाजून सिलिकेच्या थराने दाणे जोडण्याचा मार्ग स्वस्त आहे. पण बारीक दाणा पृष्ठभाग जास्त असल्याने भराभर ऑक्सिडाइज होतो. सिलिका वाढली की तिचं क्रिस्टोबलाइट हे स्फटिकरूप बनतं आणि थंड होताना, दोनशे-अडीचशे अंशांच्या सुमारास, ते एकदम आकसून तडे पाडतं.

साचलेली काजळी वेळोवेळी जाळावी लागते, त्याला सुमारे ६०० अंश लागतात. लक्ष्मी रोडच्या गर्दीत धूर तेवढा तापत नाही. डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गॅरेजवाला सांगतो, ‘गाडी एक्स्प्रेस-वेवर फिरवून आणा.’ रोजची फेरी सदाशिव पेठ ते डेक्कन एवढीच असेल, तर डिझेल मोटार घेऊच नका.